थांबलो तर काय होईल, हे आधी विचारा

वडवणी तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. आई ४१ वर्षांची, आई-वडील दोघं ऊसतोडीला जातात. वर्षभरापासून आईच्या अंगावरून जास्त जातं, पाळी आठ-आठ दिवस थांबत नाही, थकवा आहे. सोनोग्राफीत गर्भपिशवीला तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सर होईल, याच आठवड्यात करू." मुकादमाची उचल घेतलेली आहे, दिवाळीनंतर टोळी निघणार, त्यामुळं घरचे म्हणतात आत्ताच उरकून घ्या. मुलाला शंका आहे, पण उलट विचारलं तर डॉक्टर चिडतील, फाईल देणार नाहीत, अशी भीती वाटते. दुसऱ्या डॉक्टरकडं नेमकं कधी जायचं, सगळ्याच दुखण्यात जायचं का, असं त्यानं विचारलंय.

मी जनरल सर्जन आहे. अंबाजोगाईला शिकलो आणि पुढं मराठवाड्यातच, तालुक्याच्या गावी ऑपरेशनं करत आलो. म्हणजे तुम्हाला ज्या धंद्याबद्दल शंका आहे त्याच धंद्यावर माझं घर चालतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं आमच्या बिरादरीबद्दल दोन-चार गोष्टी येणार आहेत.

दुसऱ्या मताचा विषय निघाला की लोक 'हा डॉक्टर चांगला का वाईट' इथून सुरुवात करतात. ते कळायला मार्ग नसतो. बोर्डावरच्या डिग्र्या वाचून कळत नाही, गोड बोलण्यावरून तर नाहीच. आजारात वेळ किती आहे हे मात्र विचारता येतं आणि मिळालेलं उत्तर तपासताही येतं. म्हणून माझं म्हणणं, पहिला प्रश्न पहिल्याच डॉक्टरला विचारा: "साहेब, आज नाही केलं, महिनाभर थांबलो, तर नेमकं काय होईल?"

जिथं खरंच घाई असते तिथं डॉक्टर एका दमात सांगतो. अपेंडिक्स फुटेल, पोटात पू होईल. हृदयाची नस बंद आहे, स्नायू मरायला लागलाय. गर्भ नळीत आहे, नळी फुटली तर बाई हाताला लागणार नाही. काय होईल, किती वेळात होईल, कशामुळं होईल, सगळं त्याच्या तोंडावर असतं. जिथं घाई नसते तिथं उत्तर सैल येतं: "पुढं त्रास होऊ शकतो", "कॅन्सरचं काही सांगता येत नाही", "आत्ता योजनेत बसतंय तर करून घ्या". उत्तर सैल आलं म्हणून डॉक्टर लबाड ठरत नाही. तुमच्याकडं वेळ आहे एवढंच त्यातून कळतं, आणि वेळ असेल तर आणखी एकाला विचारायला काहीच हरकत नाही.

तुमच्या आईचं बघू. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती गाठ बहुतेक फायब्रॉईडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूची. अर्थात बाईला न तपासता कुणी छातीठोक सांगू नये, मीही सांगत नाही. पण फायब्रॉईड असेल तर चाळिशीच्या आसपास ती खूप बायकांना असते आणि कितीतरी जणींना जन्मभर कळतही नाही. तिचा कॅन्सर होणं अगदी क्वचित. पाळी कायमची गेली की ती बहुधा आपोआप आक्रसते, आणि आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या सुमाराला जाते. म्हणजे आईचा प्रश्न गाठीचा कमी, मधली पाच-सहा वर्षं रक्तस्राव कसा आवरायचा याचा जास्त.

रक्तस्राव आवरायला पिशवी काढण्याच्या अलीकडं बऱ्याच पायऱ्या आहेत. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात. हार्मोनच्या गोळ्या असतात. हार्मोन असलेली तांबी मिळते, ती एकदा बसवली की काही वर्षं काम करते आणि बऱ्याच बायकांचं जाणं निम्म्याहून कमी होतं. गाठ पिशवीच्या पोकळीत डोकावत असेल तर दुर्बिणीनं तेवढी गाठच काढता येते. थायरॉईड बिघडलेलं असेल तर कधीकधी त्याच्या गोळीनंच पाळी ताळ्यावर येते. यातलं आईला काय चालेल ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील, पण यातलं काहीच न करता थेट पिशवीवर येणं मला घाईचं वाटतं.

आता कॅन्सरची भीती. ती घातली गेली असेल तर विचारायचं, "तुकडा तपासला का?" गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या पिशवीतल्या अस्तराचा तुकडा, या दोन गोष्टी साध्या आहेत, बाई त्याच दिवशी घरी जाते. तुकड्यात काही नाही निघालं तर कॅन्सरसाठी पिशवी काढायचं कारणच राहिलं नाही. आणि निघालं, तर कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आधी स्कॅन करून तो कुठवर गेलाय ते बघावं लागतं, मग ठरतं. साधी पिशवी काढल्यासारखं ते उरकून टाकलं तर उलट बाईचं नुकसान होतं. म्हणजे कुठूनही बघा, तुकडा आधी. पांढरं जाण्यासाठी पिशवी काढा म्हणणारेही भेटतात. पांढरं जाणं हे बहुधा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, त्याला औषधं आहेत, पिशवी काढायचं ते कारण नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. गाठ मोठी होऊन लघवीवर दाब येतोय, अंग बाहेर येतंय, औषधं नीट चार-सहा महिने घेऊनही हिमोग्लोबिन सातच्या वर चढत नाही, अशा बाईची पिशवी काढणं हाच चांगला इलाज. ऑपरेशननंतर त्या बायका माणसात येतात. शक्य तिथं अंडाशय ठेवतात. या वयात तेही काढले तर हाडं आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून ऑपरेशन ठरलंच तर "अंडाशय ठेवणार का?" हे विचारून घ्या.

बीड जिल्ह्यात हा विषय नुसता दवाखान्याचा नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. फडावर ना आडोसा, ना पाणी. पाळीत एक दिवस घरी राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशोबात चढतात. मग बाईच म्हणते, "ही कटकटच नको, काढून टाका." ती असं म्हणाली की समोरच्याला आयतंच सापडतं. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

त्यानंतर बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची, म्हणजे सिव्हिल सर्जनची, परवानगी घेणं बंधनकारक केलं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "सिव्हिल सर्जनच्या परवानगीचा कागद केलाय का, कधी मिळेल?" यात उलट बोलण्यासारखं काही नाही, नियमाची चौकशी आहे. परवानगीच्या निमित्तानं आईचे कागद आणखी एका डॉक्टरच्या नजरेखालून जातात, म्हणजे एका अर्थी दुसरं मत सरकारनंच घालून ठेवलंय. कागद नुसता शिक्का मारून येतो का नीट बघून, ते मात्र तुम्ही किती विचारता यावरही असतं.

पण सगळ्याच दुखण्यात दुसरं मत काढत बसायचं नाही, आणि ही चूक आपल्याकडं फार होते. पन्नाशीच्या माणसाच्या छातीत कळ आली, घाम फुटला, तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजीत ॲटॅक दिसला. डॉक्टर म्हणतो, गुठळी विरघळायचं इंजेक्शन देतो. पोरं म्हणतात, "थांबा साहेब, मामा संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरशी बोलायलेत." तोवर तास जातो. ते इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, बारा तासांनंतर त्याचा फारसा अर्थ उरत नाही. इथलं अंतर बघता इंजेक्शन घ्यायचं, मग गाडीत बसायचं, आणि मोठ्या डॉक्टरचं मत रस्त्यात फोनवर घ्यायचं. पक्षाघातालाही तसंच, साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन होऊन इंजेक्शन मिळालं पाहिजे. साप चावला तर आधी सर्पदंशाची लस मिळेल त्या जवळच्या सरकारी दवाखान्यात. रात्री झोपेत मण्यार चावली की खूण दिसत नाही, दुखतही नाही, सकाळी पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबायला लागतो, तेव्हा 'काही दिसत नाही' म्हणणाऱ्याचं मत चालत नाही. पोराच्या गोटीत (वृषणात) अचानक जोराचं दुखलं तर पीळ पडलेला असू शकतो, सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोटी वाचण्याची चांगली शक्यता. गरोदर बाईला झटके आले किंवा रक्त जायला लागलं, तर समोर जो डॉक्टर आहे तोच आपला डॉक्टर.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. दुसरं मत म्हटलं की डॉक्टर जास्त काहीतरी करायला सांगतोय आणि आपण ते टाळतोय, हेच चित्र डोळ्यापुढं येतं. माझ्या टेबलावर जे रुग्ण उशिरा येतात त्यातले बरेच जण 'काही नाही, बरं होईल' ऐकून आलेले असतात. गुटखा खाणाऱ्याच्या गालात आतून चट्टा किंवा जखम, तीन आठवडे झाले तरी भरत नाही, आणि तो 'बी कॉम्प्लेक्स' खात बसलेला. बाईच्या छातीत गाठ, दुखत नाही म्हणून 'गरमीची गाठ, विरघळेल' असं कुणीतरी सांगितलेलं. न दुखणारी गाठ जास्त संशयाची असते, हे कुणी तिला सांगितलेलंच नसतं. आणि मूळव्याध! आमच्याकडं प्रत्येक बसस्टँडजवळ 'बिनऑपरेशन मूळव्याध, भगंदर' असा बोर्ड असतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला संडासातून रक्त जातंय, वजन घटतंय, आणि बोट घालून कुणी तपासलेलंसुद्धा नाही, वर दोन वर्षं मूळव्याधीचे मलम. ते आतड्याचं काही असू शकतं हे शोधायला दुर्बीण घालावी लागते. दोन आठवड्यांवरचा खोकला, क्षयासाठी बेडका तपासलेला नाही, हेही तसंच.

तर 'काही नाही' हे मत मिळालं, पण दिलेल्या मुदतीत बरं वाटलं नाही, तर दुसऱ्याकडं जायलाच पाहिजे. मुदत कोणती? तीही पहिल्याच डॉक्टरला विचारायची: "किती दिवसांत फरक पडला पाहिजे? नाही पडला तर काय करायचं?" चांगला डॉक्टर दिवस सांगतो.

ज्या गोष्टींसाठी लोक मला सारखे फोन करतात त्यातल्या काही पटकन सांगून टाकतो. चालल्यावर छातीत दुखतं आणि थांबल्यावर राहतं, महिनोन्‌महिने तसंच आहे, अशा स्थिर दुखण्यात अँजिओप्लास्टी गोळ्यांपेक्षा जास्त आयुष्य देते असं २००७ आणि २०२० सालच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. दुखणं कमी व्हायला तिचा उपयोग होतो, ते वेगळं. मुख्य नस अडलेली असेल तर गोष्ट निराळी. आणि ताज्या ॲटॅकमध्ये तीच अँजिओप्लास्टी जीव वाचवते. डेंग्यूत 'पेशी कमी झाल्या' म्हणून घरचे घाबरतात, प्लेटलेटच्या पिशव्या गोळा करत फिरतात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा त्या चढवायची गरज नसते. खरा धोका ताप उतरताना असतो, तेव्हा पोटदुखी, सततच्या उलट्या, गार पडलेले हातपाय यांच्याकडं बघायचं. विडाल टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉईड, असं नसतं. पित्ताशयातला खडा दुखत नसेल आणि दुसऱ्या कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सहज दिसला असेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. यात माझ्यासारख्याचं नुकसान आहे, पण आहे ते आहे. पाच मिलिमीटरच्या आतला मुतखडा बहुधा पाण्याबरोबर पडून जातो. मणक्याची गादी सरकून पायात कळ येते ती बहुतेकांची दीड-दोन महिन्यांत गोळ्या आणि व्यायामानं बसते. मात्र लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरता आली किंवा पाऊल लोळायला लागलं तर त्याच दिवशी ऑपरेशनच्या दवाखान्यात.

दुसरं मत घ्यायचं कुणाचं, इथं सगळी मेख आहे. पहिल्या डॉक्टरच्या कंपाउंडरनं, मेडिकलवाल्यानं किंवा लॅबवाल्यानं ज्याचं नाव सुचवलं त्याच्याकडं जाऊन तुम्ही दुसरं मत घेतलं नाही, पहिलंच पुन्हा घेतलं. 'कट' नावाची गोष्ट आहे, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारं कमिशन, ती नाही असं म्हणायला मी बसलेलो नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, महाडला आयुष्यभर प्रॅक्टिस केलेले, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्ण एमआरआयला पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक आला होता. त्यांनी तो परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा झाला, मसुद्याच्या पुढं गाडी सरकली नाही.

म्हणून शक्यतो दुसरं गाव, दुसरी संस्था, आणि तुमच्या ऑपरेशनमधून ज्याला काही मिळणार नाही असा माणूस. आपल्याकडं त्याला सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे मेडिकल कॉलेज. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, लातूरचं आणि नांदेडचं शासकीय. रांग आहे, गर्दी आहे, तीन खिडक्या फिरावं लागतं, कबूल. पण तिथल्या प्राध्यापकाचा पगार ऑपरेशनच्या आकड्यावर ठरत नाही. शिकाऊ डॉक्टरांना ऑपरेशन हातात हवं असतं हेही मला माहीत आहे, मीही तिथंच शिकलोय. म्हणून युनिटच्या मोठ्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून त्या वारी जायचं. तुम्हाला अंबाजोगाई सोयीचं पडेल.

कॅन्सरचं निदान झालं असेल तर मात्र दुसरं मत घ्यायचंच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. तेव्हा नुसता रिपोर्ट नेऊ नका. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त किंवा मुंबईचं टाटा, जिथं जाल तिथं ते पुन्हा बघतात. स्कॅनचंही तसंच, रिपोर्टच्या कागदाबरोबर फिल्म किंवा सीडी न्यायची. रिपोर्ट हे कुणीतरी लिहिलेलं मत असतं, दुसऱ्या डॉक्टरला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. आणि त्याच्यापुढं बसल्या बसल्या "अमक्यांनी पिशवी काढायला सांगितलीय, बरोबर आहे का?" असं सुरू करू नका. आधी आईला स्वतःच्या तोंडानं त्रास सांगू द्या, मग कागद पुढं करा, पहिल्याचं मत शेवटी. एकदा 'काढायची का' असा प्रश्न टाकला की समोरचा हो किंवा नाही एवढंच शोधायला लागतो.

आता चिडण्याचं. चिडतात, हे खरं आहे. शंभर रुग्णांची ओपीडी, त्यात पाच नातेवाईक एकदम आत येतात, एकाच्या हातात मोबाईल चालू असतो, दुसरा गुगलवर वाचलेलं सांगतो. दवाखाने फोडल्याच्या बातम्या रोज वाचणारा डॉक्टर अशा वेळी दार बंद करून घेतो, बोलत नाही. म्हणून ओपीडीच्या शेवटी जा, आईबरोबर एकच जण बोला, आणि असं बोला: "साहेब, तुम्ही सांगताय ते करायचंच आहे, पण घरात मोठं ऑपरेशन पहिल्यांदाच आहे. नेमकं काय झालंय ते दोन ओळींत लिहून द्या. औषधांनी किती दिवस बघता येईल? थांबलो तर काय होईल?" लिहून द्या म्हटलं की बोलणं आपोआप मोजूनमापून होतं. "तुमची आई असती तर काय केलं असतं?" हा प्रश्न लोकांना फार आवडतो. मला तो निरुपयोगी वाटतो, त्याला प्रत्येक डॉक्टर 'हेच केलं असतं' असंच म्हणतो. बैल घ्यायचा तर आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो, आणि घरच्या बाईच्या पोटावर टाका घालायला अर्ध्या मिनिटात अंगठा देतो.

या बोलण्यावर जो डॉक्टर "माझ्यावर विश्वास नसेल तर जा" म्हणतो, त्याच्याकडून निघा. यात तुमचं काही चुकलेलं नाही. मी स्वतः रुग्णाला सांगतो, दाखवून या. जे दाखवून परत येतात त्यांचं ऑपरेशन करताना माझंही डोकं शांत असतं.

फाईलची भीती तर काढूनच टाका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं कागद मागितले की ७२ तासांच्या आत द्यावे लागतात, आणि भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. साधा अर्ज लिहायचा, आईची सही, तुमचं नाव, तारीख, आणि पोच घ्यायची. झेरॉक्सचे पैसे मागितले तर द्यायचे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्ण हक्कांची सनद दवाखान्यात लावायला सांगितलीय, भिंतीवर कुठंतरी असेल, बऱ्याचदा कॅलेंडरच्या मागं. आई भरती असताना घेऊन जायचं म्हटलं तर 'डामा'च्या कागदावर सही मागतील, म्हणजे सल्ल्याविरुद्ध जातोय अशी. ती सही म्हणजे गुन्हा नव्हे, पण तीही फक्त जिवाला लगेच धोका नसेल तेव्हा करायची, आणि डिस्चार्ज कार्ड घेऊनच निघायचं.

संमतीपत्राबद्दल एक. कोऱ्या किंवा इंग्रजी कागदावर सही करू नका, मराठीत मागा, आणि काय काढणार ते त्यात लिहिलेलं बघा. दुर्बिणीनं फक्त तपासणीसाठी संमती दिलेल्या बाईची पिशवी आणि अंडाशय त्याच भुलीत काढले, असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. जीव धोक्यात नसेल तर एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, असा निकाल २००८ मध्ये लागला.

समजा दोन डॉक्टरांची मतं जुळली नाहीत. मग लोक तिसऱ्या-चौथ्याकडं जाऊन मतदान घेतल्यासारखं करतात. त्याऐवजी भांडण कशावर आहे ते बघा. दोघं आजार वेगळा सांगतात, का आजार एकच सांगून इलाज वेगळा सांगतात? आजारावर मतभेद असेल तर एखादी तपासणी तो मिटवते, ती कोणती ते दोघांनाही विचारा. आजार एकच आणि इलाज वेगळे, तर बऱ्याचदा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि निवड आईच्या वयावर, कामावर, तिला कशाची भीती वाटते त्यावर ठरते. ती निवड आईनं करायची. तुम्ही नाही, मुकादमानं तर नाहीच. दोन्ही मतं एक आली, तर तिसरं शोधत फिरू नका.

या सगळ्याच्या आधी, आजच्या आज करायचं काम हिमोग्लोबिन बघायचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतं. दहाच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लगेच सुरू करा, त्याला कुणाचं दुसरं मत लागत नाही. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाणी चालेल. सातच्या खाली असेल तर शिरेतून लोह किंवा रक्त लागेल, भरती व्हावं लागेल, आणि त्या अवस्थेत ऑपरेशनसुद्धा करू नये, आधी रक्त भरून काढावं लागतं. गोळ्यांवर तीन पाळ्या बघायचं ठरलं आणि टोळी निघाली, तर औषधांची नावं लिहिलेला कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट आईजवळ द्या. फडावर असताना तासाला एक पॅड किंवा घडी भिजायला लागली आणि दोन-तीन तास तसंच राहिलं, चक्कर येऊन डोळ्यापुढं अंधार आला, तर कोयता खाली ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. खाड्याचं नंतर बघता येईल.